सहा महिन्यांचा हिशेब

पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला. परराज्यातल्या मालकाने आपला गुलाम या राज्यात आणून सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला, तर तो मोकळा, असं त्यातलं एक कलम सांगत होतं. आता हे सहा महिने सलग हवेत, की आधी एक महिना, मग कधीतरी दोन महिने, अशी बेरीज चालेल? चाळीस वर्षांनी या प्रश्नाला एका बाईचं आणि तिच्या दोन लेकरांचं आयुष्य टांगलं गेलं.

चॅरिटी बटलर शेजारच्या मेरीलँडमधल्या मालकाची गुलाम. तिला अधूनमधून सीमा ओलांडून पेनसिल्व्हेनियात आणलं जाई. या सगळ्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांच्या पुढे जाते, म्हणून मी मोकळी आहे, असा तिचा दावा होता. १८२१ साली खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकाच्या बाजूने उभा होता गेटिसबर्गचा २९ वर्षांचा वकील, थॅडियस स्टीव्हन्स. त्याने सांगितलं, कायद्याला सलग मुक्काम अभिप्रेत आहे, तुकड्यांची बेरीज करता येणार नाही. न्यायालयाने ते मानलं. चॅरिटी आणि तिची मुलं पुन्हा गुलाम झाली.

हाच स्टीव्हन्स पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गुलामगिरीचा सर्वांत कडवा शत्रू ठरला. त्याच्यावर प्रेम करणारे लोक हा खटला चटकन उरकतात, एखादा जुना डाग असावा तसा. मला मात्र त्याच्या आयुष्याकडे इथूनच बघावंसं वाटतं. कलमात एक शब्द लिहायचा राहिला, तर त्या रिकाम्या जागेत माणूस कसा गाडला जातो, हे त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं. पुढच्या ४७ वर्षांत त्याने जे कायदे लिहिले, वाचवले, मोडले, त्या प्रत्येकात ही जाण दिसते. खटल्यानंतर दोनच वर्षांनी, १८२३च्या स्वातंत्र्यदिनी, त्याने भर मेजवानीत पेला उंचावून इच्छा व्यक्त केली की, पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा ज्याने कधी कोणाच्या पायात बेडी ठोकलेली नाही.

त्याचा जन्म ४ एप्रिल १७९२चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाऊल जन्मतःच वाकडं. मोठ्या भावाची दोन्ही पावलं तशीच. बाप जोड्यांचा कारागीर आणि जमीन मोजणारा. तो घर सोडून गेला, आणि चार मुलं आई सारा हिच्या एकटीच्या अंगावर पडली. मुलांना शाळा मिळावी म्हणून तिने बिऱ्हाड पीचमला हलवलं, कारण तिथे अकॅडमी होती. शेतात राबू न शकणाऱ्या मुलाला डोक्याच्या जोरावर जगता यावं, हा तिचा साधा हिशेब. थॅडियस १८१४ साली डार्टमथमधून पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला मास्तरकी करता करता कायदा शिकला. तिथल्या वकीलमंडळींनी नियम करून ठेवला की, दुसरी नोकरी करत शिकलेल्याला सनद नाही. त्याने काय करावं? सीमा ओलांडून मेरीलँडच्या बेल एअरला गेला, तिथे परीक्षा देऊन १८१६ साली सनद घेतली आणि परत येऊन गेटिसबर्गला पाटी लावली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या त्याच्या पहिल्या दहा दाव्यांपैकी नऊ त्याने जिंकले.

विधिमंडळातलं त्याचं पहिलं मोठं काम शाळांचं. त्या आधीची व्यवस्था समजल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. १८०९च्या कायद्याप्रमाणे गरीब मुलांची फी काउंटी, म्हणजे जिल्हा, भरत असे, पण त्यासाठी आईबापांनी आपण निष्कांचन आहोत असं जाहीर लिहून द्यायचं. मग मुलाचं नाव गरिबांच्या यादीत चढे. शाळेत पोर बसलं की शेजारच्या बाकावरच्याला ठाऊक असे, हा यादीतला. परिणाम व्हायचा तोच झाला. स्वाभिमानी गरिबांनी मुलं शाळेत पाठवलीच नाहीत. १८३४मध्ये गव्हर्नर जॉर्ज वुल्फच्या काळात नवा कायदा आला: सगळ्यांवर शाळाकर, सगळ्यांच्या मुलांना शाळा, यादी बंद.

वर्षभरात लोक खवळले. मूल नसलेल्याने कर का भरावा, ज्यांची स्वतःच्या पंथाची शाळा आहे त्यांनी दुसऱ्यांदा का भरावं, अशा अर्जांचे ढीग लागले. राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करून टाकला; तिथे पुन्हा गरिबांच्या यादीचीच सोय झाली. आता कनिष्ठ सभागृहाने होकार भरला की संपलं. ११ एप्रिल १८३५ला स्टीव्हन्स उभा राहिला. वुल्फ त्याच्या विरोधी पक्षाचा, पण तो पक्ष विसरून बोलला. त्याच्या भाषणातला एक मुद्दा आजही घासून-पुसून वापरण्यासारखा आहे. सधन शेतकरी फौजदारी न्यायालयांसाठी, तुरुंग बांधण्यासाठी, शेरीफच्या पगारासाठी कर भरतो. त्याला स्वतःला त्यातलं काहीही आयुष्यात वापरावं लागत नाही. मग गुन्हेगाराला शिक्षा देण्यासाठी भरता, आणि गुन्हेगार होऊच नये म्हणून भरायला मात्र हात आखडता? गरिबांची यादी हा गरिबीचा सरकारी शिक्का आहे, हेही त्याने ठणकावून सांगितलं. सभागृह फिरलं, आणि कायदा वाचला. त्याला पुढे विचारलं असता आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं काम म्हणून तो या भाषणाकडे बोट दाखवी.

तीनच वर्षांनी, १८३८मध्ये, राज्याच्या नव्या घटनेत मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा एक शब्द घातला गेला. त्या आधी पेनसिल्व्हेनियाच्या काही भागांत मुक्त काळे पुरुष मतदान करत होते. स्टीव्हन्स त्या घटनापरिषदेचा सदस्य होता. त्याने दस्तऐवजावर सही केली नाही.

मधली वर्षं धावत सांगतो. लोखंडाच्या भट्ट्यांचा धंदा बुडत गेला, कर्ज दोन लाख डॉलरांच्या घरात गेलं. जास्त कामं मिळावीत म्हणून १८४२ साली तो लँकेस्टरला आला. १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९पासून मरेपर्यंत तो काँग्रेसमध्ये होता. १८५१मध्ये क्रिस्टियाना गावात पळून आलेल्या गुलामांना पकडायला आलेला मेरीलँडचा मालक मारला गेला, तेव्हा सरकारने तिथल्या लोकांवर थेट राजद्रोहाचा खटला भरला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. ज्यूरीने पंधरा मिनिटांच्या आसपास आरोपीला निर्दोष सोडलं, कारण एका कायद्याला विरोध करणं म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारणं नाही, हे न्यायाधीशालाही मान्य करावं लागलं. गुलामगिरी राखण्यासाठी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि यादवी युद्ध पेटलं. त्यात अर्थसमितीचा अध्यक्ष म्हणून त्याने कागदी नोटा काढल्या आणि कर बसवले. १८६३च्या जूनमध्ये जुबल अर्लीच्या बंडखोर फौजेने त्याचा कॅलेडोनियाचा कारखाना जाळून टाकला. नुकसानीचं रडगाणं त्याने गायलं नाही. कामगारांच्या घरात चूल पेटते की नाही, ही त्याची काळजी.

खरा कस लागला तो डिसेंबर १८६५मध्ये. युद्ध संपलं होतं, लिंकनचा खून झाला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत प्रतिनिधीगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, ११९ विरुद्ध ५६ मतांनी गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती मंजूर केली होती, आणि आता ती राज्यांच्या मान्यतेने कायम होत होती. नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेच्या राज्यांना झटपट माफी देत सुटला होता. मिसिसिपीने नोव्हेंबरमध्ये नियम केला की, प्रत्येक काळ्या माणसाने दर जानेवारीत आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवावा, नाहीतर भटक्या म्हणून दंड, आणि दंड भरता आला नाही तर वेठ. या राज्यांनी काँग्रेसवर निवडून पाठवलेल्यांत कालपर्यंतच्या बंडखोर सरकारातले आणि सैन्यातले बडे अधिकारी होते.

त्यात आणखी एक विचित्र गणित होतं. जुन्या घटनेत लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरत. गुलामगिरी गेल्यावर पाचाचे पाच मोजले जाणार. म्हणजे काळ्यांना मत न देताच त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेच्या जागा वाढणार. युद्ध हरून संसदेत जिंकायची सोय!

स्टीव्हन्सने उपाय शोधला तो हजेरीपटात. नवी काँग्रेस भरते तेव्हा सभापती निवडला जाईपर्यंत सभागृहाचा क्लार्क कामकाज चालवतो. तो नावं पुकारतो. ज्याचं नाव पटावर, तोच मत देऊ शकतो. पट तयार करण्याचा अधिकार १८६३च्या कायद्याने क्लार्कला दिला होता. क्लार्क होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचाच, स्टीव्हन्सच्या तालमीतला. ४ डिसेंबरला त्याने नावं वाचली आणि दक्षिणेची राज्यं सरळ ओलांडून पुढे गेला. टेनेसीचा होरेस मेनार्ड, जो युद्धभर संघराज्याशी एकनिष्ठ राहिला होता, बोलायला उठला. क्लार्कने त्याला बोलू दिलं नाही. मेनार्डला घेतलं असतं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? डावाची सगळी ताकद इथे आहे. बाहेर ठेवलेला माणूस स्वतःला आत घेण्याच्या ठरावावर मत देऊ शकत नाही. लगोलग स्टीव्हन्सने दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची संयुक्त समिती नेमण्याचा ठराव आणला: नऊ प्रतिनिधी, सहा सिनेटर. दक्षिणेच्या राज्यांना कधी आणि कोणत्या अटींवर घ्यायचं, हे आता राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर राहिलं नाही.

कामकाजाच्या नियमांना कंटाळवाणं समजणाऱ्यांनी हा दिवस नीट अभ्यासावा.

त्या समितीतून चौदावी घटनादुरुस्ती निघाली. तिच्या पहिल्या कलमाचा गाभा ओहायोच्या जॉन बिंगहॅमने लिहिला: कोणतंही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. या देशात जन्मलेला नागरिक, हे वाक्य पुढे सिनेटने जोडलं. ८ मे १८६६ला हा मसुदा मांडताना स्टीव्हन्सने त्याचा अर्थ अगदी साध्या भाषेत उलगडला. गोऱ्याला ज्या गुन्ह्यासाठी जी शिक्षा, काळ्याला त्याच गुन्ह्यासाठी नेमकी तीच, तेवढीच. गोऱ्याला जे संरक्षण, काळ्यालाही तेच. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४मध्ये ‘कायद्यापुढे समानता’ याच्या जोडीला ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आहेत, त्यांचं कूळ हेच.

दुसरं कलम मात्र लंगडं निघालं, आणि ते का हे पाहण्यासारखं आहे. काळ्यांना मत द्या, असं सरळ लिहायची हिंमत बहुमतात नव्हती. उत्तरेतल्या अनेक राज्यांतही काळ्यांना मत नव्हतं. म्हणून आडमार्ग काढला. २१ वर्षांवरच्या पुरुष नागरिकांना जे राज्य मत नाकारेल, त्याच्या प्रतिनिधित्वाचा पाया तेवढ्या प्रमाणात कमी होईल. यात तीन गोष्टी चुकल्या. मत नाकारणं बेकायदा ठरलं नाही, फक्त महाग ठरलं. कोणाला किती नाकारलं हे मोजून जागा कापण्याचं काम काँग्रेसवर सोडलं, आणि काँग्रेसने ते आजवर एकदाही केलेलं नाही. आणि घटनेत ‘पुरुष’ हा शब्द पहिल्यांदा शिरला, त्यामुळे मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया रास्त संतापल्या.

तिसऱ्या कलमात स्टीव्हन्सला हवं होतं की, स्वखुशीने बंडात सामील झालेल्या सगळ्यांचा मतदानाचा हक्क ४ जुलै १८७०पर्यंत काढून घ्यावा. सिनेटने ते उडवलं आणि फक्त शपथ मोडून बंडात गेलेल्या जुन्या पदाधिकाऱ्यांना पदबंदी ठेवली. चौथ्या कलमाने बंडखोरांची कर्जं रद्द केली आणि गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाईचा रस्ता कायमचा बुजवला. तेवढं एक कलम त्याच्या मनासारखं पक्कं बसलं.

१३ जून १८६६ला शेवटचं मतदान झालं, १२० विरुद्ध ३२. त्या दिवशीचं त्याचं भाषण वाचताना गळा दाटतो. तरुणपणापासून आपलं स्वप्न होतं की, कधीतरी एखाद्या उलथापालथीत या देशाच्या सगळ्या संस्था माणसामाणसांतला भेद पुसून नव्याने उभ्या राहतील. ते स्वप्न विरलं, असं त्याने मोकळेपणी कबूल केलं. मग इतका अपुरा मसुदा का स्वीकारता? त्याने उत्तर दिलं, कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. ७४ वर्षांचा हट्टी म्हातारा होता तो, आणि मिळालं तेवढं पदरात पाडून घेऊन दुसऱ्या दिवशी उरलेल्यासाठी भांडायला तयार होता.

उरलेल्यांत सगळ्यांत मोठी होती जमीन. तिच्याबद्दलचा त्याचा हिशेब ६ सप्टेंबर १८६५ला लँकेस्टरच्या सभेत मांडलेला आहे. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत वाढलेल्या माणसाने तो आकड्यांसकट वाचावा. बंडखोर राज्यांत जमीन सुमारे ४६ कोटी ५० लाख एकर. त्यातली ३९ कोटी ४० लाख एकर अवघ्या ७० हजार धनाढ्यांच्या हातात, प्रत्येकाकडे दोनशे एकरांहून जास्त. फक्त एवढीच जप्त करायची. लहान शेतकऱ्याला हात लावायचा नाही. मुक्त झालेले प्रौढ पुरुष धरले दहा लाख. प्रत्येकी ४० एकर म्हणजे ४ कोटी एकर. उरले ३५ कोटी ४० लाख एकर, ते सरासरी दहा डॉलर एकराने विकले तर ३५४ कोटी डॉलर. त्यातले ३० कोटी सहा टक्के व्याजाने गुंतवून जखमी सैनिकांच्या आणि विधवांच्या पेन्शनला, २० कोटी एकनिष्ठ लोकांच्या नुकसानभरपाईला, बाकी ३०४ कोटी देशाच्या युद्धकर्जाला.

हिशेब पुरा असूनही तो बुडाला. फेब्रुवारी १८६६मध्ये जमीनवाटपाची त्याची दुरुस्ती ३७ विरुद्ध १२६ मतांनी पडली. त्याच्याच पक्षाचे लोक विरोधात गेले. जप्तीचा पायंडा एकदा पडला की तो कारखान्यांच्या दारापर्यंत येईल, ही त्यांची भीती. शिवाय उत्तरेच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि ४० एकरांचा धनी झालेला माणूस आधी घरचं धान्य पेरील, कापूस नाही. युद्ध चालू असताना जनरल शेर्मनने किनाऱ्यालगत काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे तोडून दिले होते, तेही जॉन्सनने जुन्या मालकांना परत केले. १८६७च्या मार्चमध्ये स्टीव्हन्सने विधेयक पुन्हा आणलं. ते मतदानापर्यंतही पोहोचलं नाही. त्याच महिन्यात दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग करणारा आणि काळ्या पुरुषांना मत देणारा पुनर्रचना कायदा जॉन्सनचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला होता. मत आलं, पण पोट त्याच मालकाच्या शेतावर राहिलं. ज्याच्या शेतावर राबतो त्याच्याविरुद्ध उघड मत देणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जाईल? पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत दक्षिणेत तो मताधिकार कसा गिळला गेला, याचं अर्धं उत्तर त्या ३७ विरुद्ध १२६मध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे.

महाभियोगाची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. २४ फेब्रुवारी १८६८ला प्रतिनिधीगृहाने जॉन्सनवर महाभियोग १२६ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केला. आरोपाचा गाभा असा की, सिनेटला न विचारता मंत्री काढू नये या १८६७च्या कायद्याला धुडकावून त्याने युद्धमंत्री स्टँटनला काढलं. पण कायद्याचे शब्द होते, मंत्र्याला संरक्षण त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीपुरतं आणि वर एक महिना. स्टँटनला नेमलं होतं लिंकनने! बचावाच्या वकिलांनी नेमकी तीच फट रुंदावली. चॅरिटी बटलरच्या खटल्यात स्टीव्हन्सने जे केलं, ते इथे त्याच्या पक्षावर उलटलं. स्टीव्हन्स इतका खंगला होता की त्याला खुर्चीत बसवून दोघे जण उचलून सभागृहात आणत, आणि भाषण सुरू केल्यावर आवाज बसला तेव्हा उरलेलं बेंजामिन बटलरने वाचलं. १६ मेला सिनेटमध्ये मतदान झालं, ३५ विरुद्ध १९. दोन तृतीयांशाला एक मत कमी, आणि जॉन्सन वाचला.

चौदावी दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्य केली ती ९ जुलैला. ११ ऑगस्टला मध्यरात्रीच्या सुमारास स्टीव्हन्स वॉशिंग्टनमध्ये गेला. उशाशी होती लिडिया हॅमिल्टन स्मिथ, वीस वर्षांहून जास्त काळ त्याचं घर आणि व्यवहार सांभाळणारी मिश्रवंशीय बाई. त्या नात्यावरून विरोधकांनी जन्मभर चिखलफेक केली. स्टीव्हन्सने तिला सगळ्यांसमोर ‘मिसेस स्मिथ’ म्हणूनच हाक मारली, आणि पाहुण्यांकडूनही तोच मान अपेक्षिला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याचं शव ठेवलं गेलं. तो मान त्याआधी हेन्री क्ले आणि लिंकन यांनाच मिळाला होता. पहाऱ्यावर काळे सैनिक होते.

त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. अर्पणपत्रिकेत कोणाचं नाव नाही, पण त्या लोकांच्या पहिल्या ओळीत स्टीव्हन्स बसतो. गरिबाच्या पोराच्या शाळेसाठी सरकारने पैसा खर्चावा म्हणून १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देणाऱ्या जोतीरावांना हा माणूस भेटला असता, तर दोघांना बोलायला विषय शोधावा लागला नसता.

लँकेस्टरमधल्या मोठ्या दफनभूमींत काळ्यांना जागा नव्हती. तसं त्यांच्या नियमांतच लिहिलेलं. म्हणून स्टीव्हन्सने एका लहान, भेद न पाळणाऱ्या दफनभूमीत जागा घेतली आणि दगडावर काय कोरायचं ते स्वतः लिहून ठेवलं: मी इथे विसावलो तो एकांताच्या आवडीने नाही, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आढळली, म्हणून ही जागा निवडली, की जन्मभर ज्या तत्त्वाची बाजू घेतली ते मरणातही दाखवता यावं.

मृत्युपत्रातही वकील जागाच होता. लिडियाला वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,०००, निवड तिची. तिने पुढे तेच राहतं घर विकत घेतलं. पीचमच्या दफनभूमीला ५०० डॉलर. त्यातून आईच्या थडग्याच्या कोपऱ्यांवर दर वसंतात गुलाब आणि हसरी फुलं लावायची. पुतण्याला मिळकत, पण दारू सोडली तरच. त्याने ती सोडली नाही, आणि १८७४मध्ये तो वारला. मग ठरल्याप्रमाणे पैसा अनाथ मुलांच्या शाळेकडे वळला. या शाळेबद्दलचं कलम त्याने एकाही शब्दाची फट न ठेवता लिहिलं होतं: प्रवेशात किंवा वागणुकीत वंशावरून, रंगावरून उजवं-डावं करायचं नाही. सगळ्यांना एकाच वर्गात शिकवायचं. आणि पंक्तिभेद चालणार नाही. सगळ्या मुलांना एकाच टेबलावर जेवायला वाढायचं.